कुंडलिकेपलीकडचा राजवाडा

पेणहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी नागोठण्याला अंबा ओलांडतो, रोह्यात कुंडलिका ओलांडतो आणि पुढचे डोंगर चढून पलीकडे समुद्राच्या बाजूला मुरूडमध्ये उतरतो. आज हा सगळा प्रवास एकाच रायगड जिल्ह्यातला आहे. 1948 पर्यंत मात्र पेण आणि रोहे कुलाबा जिल्ह्यात होते, आणि डोंगर उतरला की जंजिऱ्याच्या नवाबांचे राज्य सुरू होत असे. उत्तरेला कुंडलिकेची खाडी, पूर्वेला रोहे आणि माणगाव तालुके, दक्षिणेला बाणकोटची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. सुमारे 324 चौरस मैलांच्या या संस्थानाला लोक हबसाण म्हणत. त्याचे मुख्य ठिकाण मुरूड. तिथे समुद्राला लागून असलेल्या उंच भागावर घुमटांचा आणि कमानींचा एक राजवाडा उभा आहे. अलिबागकडून काशीद, नांदगाव मागे टाकून मुरूडजवळ आले की तो दिसतो.

राजवाड्याचे नाव अहमदगंज. तो बांधला गेला 1885 च्या सुमारास. भोवतालचे आवार पंचेचाळीस एकरांचे असून वाड्याबरोबर मशीद आणि घराण्यातील काही कबरीही त्याच आवारात आहेत. वास्तू आजही नवाबांच्या वंशजांची खासगी मालमत्ता आहे आणि पर्यटकांना आत प्रवेश नाही. त्यामुळे जंजिरा किल्ला पाहायला येणारे बहुतेक लोक रस्त्यावरून एक छायाचित्र घेतात आणि राजपुरीच्या धक्क्याकडे निघून जातात. मला हे फार खटकते. किल्ल्याच्या तोफांबद्दल आणि बुरुजांबद्दल आपल्याकडे भरभरून लिहिले गेले. हा वाडा मात्र ‘मुघल पद्धतीची जुनी इमारत’ एवढ्या एका ओळीत संपवला जातो. त्या ओळीतला ‘मुघल’ हा शब्द नीट उलगडला, तर कोकणच्या चारशे वर्षांच्या इतिहासाचा मोठा भाग समोर येतो.

वाडा बांधणारे नवाब सिदी अहमदखान यांचा जन्म 1862 चा. 1879 मध्ये वडील, नवाब इब्राहिमखान, वारले तेव्हा ते अज्ञान होते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि 1883 मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती आला. म्हणजे अहमदगंज हे तेविशीच्या आसपासच्या एका तरुण राजाचे पहिले मोठे बांधकाम. आधीची दीड दशके संस्थानाला अवघड गेली होती. सरदार आणि नवाब यांच्यातल्या भांडणात इंग्रज सरकारने हात घातला होता आणि 1869 पासून मुरूडला इंग्रज अधिकारी येऊन बसला होता. पूर्वजांचे घर पाण्यातल्या जंजिरा किल्ल्यात होते. वेढा पडला तरी गोड्या पाण्याच्या तळ्यांवर महिनोन्‌महिने तग धरता यावा, असे ते घर. नव्या राजाला आता शत्रूच्या आरमाराची भीती उरली नव्हती, कारण शत्रूही उरला नव्हता आणि आरमारही. त्याला हवे होते ते दुरून दिसणारे, पाहुण्यांचे स्वागत करता येईल असे, समुद्राकडे उघडणारे घर. किल्ला सोडून जमिनीवर राहायला येणे हा या घराण्याच्या इतिहासातला मोठा बदल आहे, आणि अहमदगंज ही त्या बदलाची दगडातली नोंद आहे.

आता प्रश्न असा, की 1885 साली मुघल पद्धत कुठून आली? दिल्लीचे शेवटचे बादशहा बहादूरशहा जफर 1862 मध्ये रंगूनला वारले होते. मुघल सत्ता संपून पाव शतक होऊन गेले होते. तरीही नेमक्या याच काळात हिंदुस्थानभर मुघली घुमट, छत्र्या आणि महिरपी पुन्हा उभ्या राहू लागल्या होत्या. 1877 च्या दिल्ली दरबारात राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, तेव्हा इंग्रजांनी स्वतःला मुघलांचे वारस म्हणून मांडले. संस्थानिकांसाठी कुठली वास्तुशैली शोभेल याचा विचार त्यांचे स्थपती करू लागले आणि त्यांनी मुघल, राजपूत, गुजराती आणि युरोपीय घटकांचे मिश्रण तयार केले. या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे कोल्हापूरचा काळ्या दगडातला नवा राजवाडा, 1877 ते 1884 या काळातला. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्यांनीच आखला, पण 1881 मध्ये ते वारले आणि काम रॉबर्ट चिझम यांनी पुरे केले. मुंबईत तेव्हा बोरीबंदरचे स्थानक उभे राहत होते, 1878 ते 1888. त्याची चौकट गॉथिक आणि घुमट, कळस, जाळ्या मात्र हिंदुस्थानी वळणाच्या. अहमदगंज या सगळ्यांचा समकालीन आहे. त्यातले मुघल आणि गॉथिक यांचे मिश्रण हे त्या दशकाचे लक्षण आहे.

पण कोल्हापूर आणि मुरूड यांच्यात एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्याने मुघलांशी पिढ्यान्‌पिढ्या लढाई केली होती. जंजिऱ्याच्या नवाबांचे घराणे, म्हणजे सिद्दी, मात्र मुघलांचे सरदार होते. 1670 च्या सुमारास त्यांनी आदिलशाही सोडून औरंगजेबाची चाकरी पत्करली आणि बादशाही आरमाराचे प्रमुख झाले. सिदी कासीमला मिळालेला ‘याकूतखान’ हा किताब बादशहाचाच. 1689 मध्ये रायगड मुघलांच्या हाती गेल्यावर तो सिद्दीकडे सोपवला गेला आणि मराठ्यांना तो परत मिळायला 1733 उजाडले. इकडे मुघल फौजा पेण परिसरातही येऊन गेल्या होत्या. 1662 मध्ये मुघल सरदार नामदारखान आणि शिवाजी महाराज यांची गाठ पेणजवळच्या मिऱ्या डोंगराच्या भागात पडली होती. तेव्हा मुघल हे नाव या मुलखात तलवारीच्या रूपाने आले. मुरूडच्या वाड्यावर ते घुमटाच्या रूपाने आले, तेही सव्वादोनशे वर्षांनी. इतर संस्थानिकांनी इंग्रजांच्या सल्ल्याने उचललेली शैली सिद्दींच्या घरात जुन्या किताबाची आठवण म्हणून आली, असे मला वाटते.

याहून जुना एक धागा आहे. सिद्दींचे मूळ आफ्रिकेतले, हबशी. हिंदुस्थानात आलेल्या हबशांनी लढाया जशा गाजवल्या तसे बांधकामही गाजवले. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतली झाडाच्या फांद्यांची दगडी जाळी 1572-73 ची. आजही तिच्याइतकी नाजूक जाळी देशात दुसरी दाखवता येत नाही. मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि डोंगरातले झिरपते पाणी भुयारी नळांतून गावात आणले. त्या नहर-ए-अंबरीचे पाणी नुसत्या उताराने वाहत असे. मुरूडजवळच्या खोकरी गावात या परंपरेची स्थानिक साक्ष आहे. तिथे तीन दगडी घुमट आहेत. सर्वांत मोठा सिदी सुरूलखान यांचा, 1734 मध्ये वारलेल्या नवाबाचा. तो त्यांनी हयातीतच बांधवून घेतला होता. बाजूचे दोन सिदी कासीम आणि त्यांचे भाऊ सिदी खैरियत यांचे. कमानींच्या ओळी, दगडी जाळ्या आणि वर घुमट, सगळे कोकणातल्या दगडात आणि कोकणातल्या पावसात सुमारे तीनशे वर्षे टिकलेले. अहमदगंज उभारताना समोर दिल्ली-आग्ऱ्याचीच चित्रे असायची गरज नव्हती. पूर्वीच्या सिद्दींचे घुमट जवळच होते.

रस्त्यावरून वाडा पाहताना काय पाहावे? पहिल्यांदा कमानी. मुघल कमान खालच्या बाजूला भरदार असते, खांद्यापाशी वळते आणि माथ्यावर हलके टोक घेते. गॉथिक कमान सरळ वर चढून तीक्ष्ण टोकाला मिळते. दोन्ही टोकदार, म्हणून एका भिंतीवर त्या शेजारी बसतात आणि डोळ्याला खटकत नाहीत. रोमन पद्धतीचे गोल कमानीचे वळण तिथे इतके सहज बसले नसते. इंग्रज स्थपतींना हिंदुस्थानात हे मिश्रण जमले त्यामागे ही भूमितीची सोय होती. कमानींनंतर पाहावेत ते छपरावरचे घुमट आणि बाहेर आलेले झरोके. दिल्ली-आग्ऱ्याला झरोक्यातून बादशहा प्रजेला दर्शन देत असे. इथे झरोक्यातून समोर दिसतो तो समुद्र, आणि त्यात लांबवर कासा म्हणजे पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला किल्ला नवाबांच्या घरासमोर क्षितिजावर कायमचा आहे.

मग पाऊस. आग्रा किंवा औरंगाबाद इथे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रायगडच्या किनाऱ्यावर त्याच्या कितीतरी पट अधिक, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. शिवाय तो सरळ खाली पडत नाही. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो, भिंतीवर आपटतो आणि प्रत्येक सांध्यातून आत शिरू पाहतो. म्हणून कोकणी घराला उतरते कौलारू छप्पर, खोल पडवी आणि पावसाळ्यात बाहेरून बांधायचे झाप. मुघल इमारतीला सपाट गच्ची असते. ती कोकणात गळल्याशिवाय राहत नाही. मात्र मुघल शैलीतले दोन घटक इथे कामाला येतात. घुमटावर पाणी थांबत नाही, आणि छज्जा, म्हणजे दगडी तोड्यांवर बाहेर काढलेली पट्टी, खालच्या भिंतीला थेट माऱ्यापासून वाचवतो. ओळीने कमानी असलेला मोकळा सज्जा तर कोकणी पडवीचेच काम करतो. ऊन आणि पाऊस दोन्ही बाहेरच अडतात, वारा मात्र आत येतो. वाड्याच्या दर्शनी रूपात कमानींना जे महत्त्व आहे ते शोभेसाठी आहेच, पण या हवेत राहायचे तर त्यांच्याशिवाय चाललेही नसते.

बागेकडे वळू. मुघल बाग म्हटले की चारबाग आठवते. भोवती उंच भिंत, मध्ये एकमेकांना काटकोनात छेदणारे पाण्याचे पाट, त्यांनी केलेले चार भाग, छेदाशी हौद किंवा चबुतरा. ही कल्पना इराणच्या कोरड्या मुलखातली. बाबराने ती हिंदुस्थानात आणली आणि इथल्या उष्म्यावर उतारा म्हणून यमुनेकाठी वाहते पाणी खेळवले. महाराष्ट्रातला सर्वांत चांगला नमुना म्हणजे औरंगाबादचा बिबी का मकबरा, 1660 च्या सुमारास पुरा झालेला. आराखडा अताउल्ला यांचा, ताजमहालाचे मुख्य स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा हा मुलगा. मकबऱ्याचे आवार साधारण 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद आहे. दारातून आत गेल्यावर मधोमध कारंज्यांची रांग, दोन्ही बाजूंना फरसबंदी वाट, आणि नजर थेट इमारतीवर. त्या बागेत पाणी हे मुख्य दागिना आहे, कारण भिंतीबाहेर ते दुर्मिळ आहे.

मुरूडमध्ये ही अटच लागू होत नाही. जूनमध्ये पाणी डोंगरावरून धावत येते आणि मे महिन्यात विहिरी खारट होतात. सपाट चौकोनी जमीन उंचवट्यावर नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात गुलाबाचे ताटवे तग धरत नाहीत. त्यामुळे पंचेचाळीस एकरांच्या आवारात काटेकोर चारबाग शोधू नये. तिथे डोंगर-उताराची झाडी आहे आणि समुद्राकडे मोकळा उतार आहे. खालच्या गावातली बाग म्हणजे वाडी. नारळ उंच, त्याच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी किंवा पानवेल, खाली केळी, मध्ये विहीर आणि तिच्यावरून निघालेले पाट. पूर्वी विहिरीवर रहाट चाले आणि प्रत्येक आळ्यात पाणी पोचवायचे काम, शिंपणे, पहाटेच सुरू होई. मुरूड-श्रीवर्धनची सुपारी हे त्या मेहनतीचे फळ. वाडीतही पाण्याचे काटकोनी पाट असतात, ठरावीक अंतरावर आळी असतात, भोवती गडगा असतो. चारबागेचे शास्त्र आणि वाडीचे शास्त्र यांच्यातले साम्य मला नेहमी थक्क करते. दोन्हीकडे बागेची आखणी पाणी करते. फरक इतकाच की एकीत माणूस बसायला जातो आणि दुसरीवर त्याचे पोट चालते.

नवाबांनी मुरूडसाठी केलेले सर्वांत मोठे काम मला वाड्यापेक्षा पाण्याचे वाटते. डोंगरातल्या गारंबीच्या ओढ्यावर त्यांनी दगडी धरण बांधवले. व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचे नाव त्या पाणीयोजनेला दिले गेले. धरण उंचावर, गाव खाली, म्हणून पाणी आपल्या वजनानेच नळातून गावात येते. मलिक अंबराच्या नहरीमागचे तत्त्वही हेच. आजही मुरूडकर गारंबीचे पाणी पितात. एखाद्या राजाच्या बागेचे मोजमाप कारंज्यांवरून करायचे की गावातल्या नळांवरून, असे विचारले तर मी नळांच्या बाजूने उभा राहीन.

मुघल राजवाड्याला जोडून शिकारगाहही असे. जहांगीराने लाहोरजवळ शेखुपुऱ्याला हिरण मिनार उभारला तो अशाच शिकारीच्या रानात. जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान म्हणजे मुरूड आणि रोह्याच्या डोंगरांवर पसरलेले आजचे फणसाड. तिथे दुसऱ्या कोणाला कुऱ्हाड किंवा बंदूक चालवायची परवानगी नव्हती. परिणामी आजूबाजूचे डोंगर कोळशासाठी आणि लाकडासाठी बोडके होत असताना हे रान दाट राहिले. 25 फेब्रुवारी 1986 रोजी ते अभयारण्य झाले. उन्हाळ्यात रानात पाणी टिकून राहते ती ठिकाणे, ज्यांना इथले लोक ‘गाण’ म्हणतात, तीच पूर्वी शिकारीच्या बैठकींची ठिकाणे होती. आज त्यांच्या काठी शेकरू, भेकर आणि तऱ्हेतऱ्हेचे पक्षी पाहायला लोक येतात. राजाच्या शौकाने जंगल वाचले हे खरे, आणि त्याच राखीव रानात शिरायला गावकऱ्यांना मज्जाव होता हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात.

अशा रीतीने अहमदगंजची बाग कुंपणाच्या आत संपत नाही. गारंबीचे पाणी, खालच्या वाड्या, वरचे रान आणि समोरचा समुद्र मिळून ती पुरी होते. मुघल शैलीची ही कोकणी आवृत्ती मला मूळ चारबागेपेक्षा कमी वाटत नाही.

या कथेला एक मराठी बाजूही आहे. जंजिऱ्याच्याच राज्यातल्या श्रीवर्धनचे देशमुख, भट घराणे. सिद्दींच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ घाटावर गेले आणि पेशवे झाले. त्यांच्या मुलाने, पहिल्या बाजीरावाने, पुण्यात शनिवारवाडा बांधला. त्याची वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ची. त्या वाड्यात सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, महिरपी कमानी, आणि पुढे सवाई माधवरावांसाठी बांधलेले सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे होते. हे सारे घटक मुघल दरबारातून आलेले. म्हणजे किनाऱ्याच्या एकाच पट्ट्यातून निघालेल्या, एकमेकांशी लढलेल्या दोन घराण्यांनी आपापल्या घरासाठी एकाच शैलीकडे पाहिले, दीडशे वर्षांच्या अंतराने. पेशव्यांनी ती सागवानात घडवली आणि चौकाच्या मराठी वाड्यात बसवली. नवाबांनी ती समुद्राकाठी घुमटांसह उभी केली. ‘मुघल’ हे वास्तूचे विशेषण कोणा एका धर्माचे किंवा पक्षाचे नव्हते, हे या दोन घरांइतके दुसरे कशाने स्पष्ट होत नाही.

1922 मध्ये सर सिदी अहमदखान वारले. त्यांच्यानंतर सिदी मुहंमदखान गादीवर आले आणि 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. पुढच्या काळात वाडा लोकांना ठाऊक झाला तो मुख्यतः हिंदी भयपटांमुळे. रामसे बंधूंच्या ‘पुरानी हवेली’चे चित्रीकरण इथे झाले. त्यामुळे पडद्यावर पाहणाऱ्यांच्या मनात या वास्तूशी भुतांची गोष्ट चिकटली, आणि तिच्या खऱ्या गोष्टीकडे आणखी दुर्लक्ष झाले.

वाड्याचे खरे वैरी आहेत ते मीठ आणि पाऊस. समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेतले क्षार दगडाच्या आणि चुन्याच्या छिद्रांत शिरतात, हवा कोरडी झाली की स्फटिक होऊन फुगतात आणि पृष्ठभाग आतून फोडतात. दर वर्षी हे चक्र चालते. वर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आतच अडकते आणि नुकसान वाढते, म्हणून जुन्या चुन्याच्या कामाला चुनाच लागतो. त्यात वादळे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पेणच्या गणपती कारखान्यांचीही छपरे उडाली. पोफळीची वाडी पुन्हा उभी करायला दहा वर्षे लागतात. कोसळलेला घुमट पुन्हा उभा राहत नाही.

जंजिरा किल्ला संरक्षित स्मारक आहे. अहमदगंज खासगी घर आहे आणि मालकांनी दार बंद ठेवले तर तो त्यांचा हक्क आहे. भिंतीवरून चढून आत जाणाऱ्या उत्साही मंडळींनी हे लक्षात ठेवावे. पण दार उघडल्याशिवायही बरेच काही करता येईल. मुंबई-पुण्याच्या वास्तुकला महाविद्यालयांनी कुटुंबाची रीतसर परवानगी मागून वाड्याची मोजमापे घ्यावीत, प्रत्येक कमानीचे आणि घुमटाचे आराखडे काढावेत, आवारातल्या झाडांची नोंद करावी. खोकरीच्या घुमटांची, गारंबीच्या धरणाची आणि नागोठण्यात अंबेवर 1580 च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी बांधवलेल्या दगडी पुलाची नोंदही त्याच कामात व्हावी, कारण ही सगळी एकाच मुलखाची वास्तुकला आहे. पेण, रोहे आणि मुरूडच्या शाळांनी सहलीचा एक दिवस यासाठी राखून ठेवावा. मुरूडला सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक रोहे आहे. तिथून निघून सकाळी खोकरी पाहावी, दुपारी गारंबी, आणि वाडा रस्त्यावरूनच, पण थांबून, नीट पाहावा.